परतीचं वाक्य

बाबा गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांच्या मंडळातल्या दंतवैद्यांचा फोन आला. सांत्वनाचा असेल असं वाटून मी खुर्चीत बसले. सांत्वन त्यांनी एका वाक्यात उरकलं आणि जरा थांबून म्हणाले, येत्या रविवारी भूगोलची पाळी आहे, तुम्ही याल का?

भूगोल म्हणजे माझे वडील. शाळेत त्यांनी जन्मभर तोच विषय शिकवला, आणि मंडळात कोणालाच नावाने हाक मारत नसत. दंतवैद्य म्हणजे ‘दाढ’. बस चालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, ते ‘ब्रेक’. कपडे उसवून घट्ट किंवा सैल करून देणारं शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या बाई म्हणजे ‘बटणबाई’. रविवारी दंतवैद्यांचा दवाखाना बंद असे, तेव्हा ही मंडळी तिथल्या प्रतीक्षागृहात जमायची आणि रेकॉर्ड ऐकायची. ज्याची पाळी असेल त्याने स्वतःला सध्या आवडत असलेला अल्बम आणायचा. ‘सध्या’ या शब्दावर सगळं मंडळ उभं होतं. थोर नको, दुर्मीळ नको, आवडायला हवा असा तर मुळीच नको. हल्ली घरी जो वाजतोय तो आणायचा. एक बाजू सगळ्यांनी गप्प बसून ऐकली की तो अल्बम पुढच्या माणसाकडे उसना जायचा. पुढच्या रविवारी त्याने तो परत आणायचा आणि सगळ्यांसमोर एक वाक्य बोलायचं. याला परतीचं वाक्य म्हणत. त्यात भीडभाड चालत नसे. ब्रेकनी जिवापाड जपलेला ट्रम्पेटचा एक अल्बम परत करताना बाबा म्हणाले होते, “पहिली बाजू ऐकून सगळ्या शत्रूंना माफ करावंसं वाटलं, दुसरी ऐकून नवी यादी केली.” ब्रेक महिनाभर रुसले, आणि नंतर तेच वाक्य जो भेटेल त्याला अभिमानाने ऐकवू लागले. हे सगळं मला बाबांच्या फोनमधून कळत असे.

दंतवैद्यांनी मला नियम सांगितला. सभासद गेला की त्याच्या पाळीला घरच्यांनी एकदा यायचं आणि प्लेअरवर शेवटची जी रेकॉर्ड होती ती आणायची. निवडायची नाही, एवढंच. पूर्वी एक सभासद वारले तेव्हा त्यांच्या मुलांनी घरातली सगळ्यात भारदस्त रेकॉर्ड आणली होती, आणि ती दुपारभर ऐकूनही कोणाला तो माणूस काही आठवला नाही. तेव्हा हा नियम झाला. “तुमच्या वडिलांनीच सुचवला होता,” ते म्हणाले.

मी येते म्हणाले आणि फोन ठेवून बाबांच्या प्लेअरकडे पाहिलं. तो रिकामा होता. मीच रिकामा केला होता.

बाबांना इस्पितळात नेलं ते दुपारीच, आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. मी दुसऱ्या दिवशी पोचले. भेटायला येणारी माणसं बैठकीच्या खोलीत बसणार म्हणून मी ती आवरायला घेतली. चष्मा, पेपर, अर्धवट तासलेला पेन्सिलीचा तुकडा. प्लेअरचं झाकण उघडंच होतं, वर एक रेकॉर्ड तशीच, आणि शेजारी भिंतीला टेकवून तिचं कव्हर. त्या कव्हरवर पोहण्याच्या पोशाखातली एक बाई एका मोठ्या अकॉर्डियनवर रेलून पडली होती. एका हातात पेला, दुसऱ्या हाताने वाद्याच्या पट्ट्या कुरवाळत होती. वर तिरक्या लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘रंगलेल्या रात्री: जोडीने नाचण्यासाठी’.

दारावरची घंटा वाजली. बाबांचे शाळेतले सहकारी आले होते. मी रेकॉर्ड कव्हरमध्ये सरकवली आणि कपाटाच्या खालच्या खणात जुन्या वर्तमानपत्रांखाली घातली. लोक बोलत होते, मी मान हलवत होते, आणि माझं लक्ष त्या खणाकडे होतं. माझ्या वडिलांनी मला वाचायला शिकवलं होतं. स्वस्त विनोदावर ते हसत नसत. मी ते कव्हर डोक्यातून काढून टाकू बघत होते, आणि बाबांचा चेहरा आठवायला गेलं की तीच बाई पेला उंचावून मध्ये येत होती.

निवडायची नाही असं सांगितलेलं असताना मी निवडली. त्यांच्या साठीला मीच दिलेला चेलोचा अल्बम होता. एकच वादक, साथ नाही, कव्हर काळं, त्यावर फक्त वादकाचा हात. तो मांडणीत अगदी कडेला सापडला. वरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. रविवारी सकाळी मी ते नखाने फाडलं, चुरगाळून कचऱ्यात टाकलं, आणि अल्बम पिशवीत घालून निघाले.

प्रतीक्षागृहात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. भिंतीवर दातांची काळजी कशी घ्यावी याचं चित्र, कोपऱ्यात वजनकाटा, आणि एरवी मासिकं असतात त्या मेजावर प्लेअर. औषधाचा तो लवंगेसारखा वास रविवारीही होता. बाबांची खुर्ची कोणती हे मला विचारावं लागलं नाही. ती रिकामी सोडून सगळे बसले होते. ब्रेक अंगाने आडवे, बोलताना समोरच्याऐवजी वरच्या आरशात बघावं तसे कपाळाच्या वर बघायचे. त्यांनी मला त्या खुर्चीकडे खूण केली. बटणबाई माझ्या समोर होत्या. लहानखुऱ्या, ताठ, मांडीवर रिकामी कापडी पिशवी घडी घालून ठेवलेली. माझ्या हातातल्या पिशवीकडे त्या सारख्या बघत होत्या, आणि मी बघितलं की नजर वजनकाट्याकडे नेत होत्या.

दंतवैद्यांनी विचारलं, हीच होती का प्लेअरवर?

मी म्हणाले, हो. इतकं पुरे होतं. पण मी लोकांची वाक्यं नीट करून पोट भरते. हस्तलिखितात एखादा उतारा लंगडा दिसला की माझा हात थांबत नाही. मी सांगितलं की शेवटचे काही महिने बाबा संध्याकाळी दिवा न लावता हीच ऐकत बसायचे. एकाकीपणाचा त्यांना त्रास नव्हता, त्यांनी तो जवळ केला होता, असंही मी म्हणाले. बोलता बोलता माझेच डोळे भरून आले. ते पाणी खरं होतं, त्यामुळे मला काही चुकतंय असंही वाटलं नाही.

मग रेकॉर्ड लागली. ती माणसं ऐकतात कशी, हे मी प्रथमच पाहत होते. कोणी डोळे मिटत नव्हतं, मान डोलवत नव्हतं. बस यायची वाट बघावी तसे सगळे शांत समोर बघत होते. चेलो उत्तमच होता. एकही खरखर नाही, एकही टिचकी नाही. बाजू संपली, दंतवैद्यांनी सुई उचलली, आणि ब्रेक माझ्या डोक्यावरून बघत म्हणाले, “भूगोलच्या रेकॉर्डवर चहाचा एक डाग नाही, हे आज पहिल्यांदा पाहिलं.”

कोणीतरी हसलं, लगेच गप्प झालं. दंतवैद्य ती कोरी काळी तबकडी उजेडाकडे तिरकी धरून बघत होते. त्यांनी ती कव्हरात घातली. मला तेव्हाच कळलं की त्यांना कळलंय. ज्याने आयुष्यभर रेकॉर्ड हाताळल्यात, त्याला कधीच न वाजलेली रेकॉर्ड ऐकून कळणारच. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. तरी माझ्यासमोर चहाचा पेला आणि बिस्किटांची बशी जरा जास्तच आपुलकीने सरकवली गेली.

चहाच्या वेळी बटणबाई माझ्याजवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, घरात त्यांची नसलेली एखादी रेकॉर्ड सापडली का गं? मागच्या वेळी माझी पाळी होती, आणि उसनी त्यांच्याकडे गेली होती.

मी विचारलं, कसली?

“अकॉर्डियनची. कव्हर जरा तसलं आहे,” त्या म्हणाल्या. “ते कंपनीने परस्पर लावलं. आमच्या घरात आठवडाभर भांडण चाललं होतं त्यावरून. वाजवलंय माझ्या यजमानांनी. हॉटेलात वाजवायचे ते, लोक जेवत असताना. एवढी एकच निघाली त्यांची.”

यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत त्यांनी ती रेकॉर्ड मंडळात कधी आणली नव्हती. इथले लोक तोंडावर बोलतात, आणि ह्या एका रेकॉर्डबद्दल तोंडावर ऐकून घ्यायची त्यांची तयारी होत नव्हती. त्या दिवशी कशी कोण जाणे आणली, आणि परतीचं वाक्य नेमकं भूगोलकडे गेलं. मंडळात सगळ्यात तिखट माणूस. “मी आठवडाभर नीट जेवले नाही,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. “आता तुझं ऐकून कळलं, त्यांनी ती लावलीच नसेल. तब्येत, शिवाय हे चेलोचं. बरोबर आहे. ह्याच्यापुढे ती काय लावायची. तुला सापडली तर दे, घाई नाही.”

इथे मी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, बघते काकू, अजून आवरलेलं नाही.

त्यांनी हातातली ती पिशवी आणखी एक घडी घालून लहान केली.

बाबांच्या खालच्या मजल्यावर माझी आत्या राहते. ती बाबांपेक्षा मोठी, आणि त्यांना शेवटपर्यंत ‘कार्ट्या’ म्हणायची. घरी परतल्यावर मी तिच्याकडे जेवायला गेले आणि सहज विचारावं तसं विचारलं, बाबा शेवटच्या दिवसांत काय ऐकत होते?

आत्याने हातातला डाव खाली ठेवला. म्हणाली, काय ऐकत होता म्हणजे, मलाही ऐकवत होता. सकाळी दात घासून झाले की ते पें पें सुरू, दुपारी पें पें, मी झोपले की वरून ताल. “गुडघा धरून जिना चढणारा माणूस, आणि माझ्या डोक्यावर पाय आपटतोय. वर गेले सांगायला, तर मलाच म्हणतो, ताई, उठ, नाच. मी म्हटलं, कार्ट्या, वय काय तुझं.” तिने पदराने ओट्यावरचं सांडलेलं पुसलं, आणि मग पुन्हा डाव उचलला. “नाचले असते एकदा तर काय बिघडत होतं माझं.”

वर येऊन मी खण उघडला. वर्तमानपत्रांच्या भाराने कव्हरचा एक कोपरा दुमडला होता. मागच्या बाजूला, अगदी खाली, बारीक अक्षरांत वादकाचं नाव होतं; त्याआधी कॅमेरावाल्याचं आणि पोहण्याचा पोशाख पुरवणाऱ्या दुकानाचं. रेकॉर्डच्या मधल्या कागदावर चहाचा गोल डाग होता. ताजा.

तो आठवडा मी काय करता येईल याचा विचार करण्यात घालवला, आणि जे जे सुचलं ते स्वतःला वाचवणारंच सुचलं. दुकान उघडायच्या आधी शटरला पिशवी अडकवून यावी. दंतवैद्यांच्या हाती द्यावी. दुसऱ्या खोलीत सापडली असं सांगावं. बाबा त्या रेकॉर्डबद्दल काही म्हणाले होते का, हे आत्याला विचारून पाहिलं, तिला माहीत नव्हतं. मग याहून चांगली कल्पना सुचली: बाबांच्या वतीने परतीचं वाक्य सांगावं. ते मला जमलं असतं. त्यांचा तिरकसपणा, शेवटी शब्दाला द्यायचा तो झटका, सगळं माझ्या कानात होतं. भांडी घासता घासता एक वाक्य तयारही झालं. ते इतकं बाबांसारखं होतं की मी नळ तसाच सोडून उभी राहिले. बटणबाई ते जन्मभर जपून ठेवतील, लोकांना सांगतील, आणि त्यात बाबांचा एकही शब्द नसेल. ते वाक्य इथेही लिहीत नाही.

पुढच्या रविवारी मी न बोलावता गेले. त्या दिवशी पाळी ब्रेकची होती. ते आपला अल्बम पुसत बसले होते. मला बघून सगळ्यांनी पुन्हा खुर्च्या सरकवल्या, जागा केली. मी बसले नाही. बसले असते तर राहूनच गेलं असतं.

मी पिशवीतून रेकॉर्ड काढली आणि म्हणाले, “प्लेअरवर ही होती. ती चेलोची नव्हती. ती बाबांनी कधी लावलीच नाही, तिच्यावरचं प्लास्टिक मी त्या सकाळी फाडलं. ही बाबा आठवडाभर, दिवसभर लावत होते. माझ्या आत्याला नाचायला बोलावत होते. लोक भेटायला येणार म्हणून मी ही काढून लपवली.”

ब्रेकचा पुसायचा हात थांबला. दंतवैद्य खिडकीकडे बघत होते. कव्हरवरची ती बाई सगळ्यांच्या मध्ये पेला उंचावून पडली होती, आणि दुमडलेला कोपरा मी अंगठ्याखाली झाकून धरला होता.

बटणबाई उठून माझ्याजवळ आल्या. त्यांनी रेकॉर्ड घेतली, माझा अंगठा निघाला, तेव्हा त्यांना तो कोपरा दिसला. त्यांनी तो नखाने सरळ केला. राहिला नाही, पुन्हा वळला.

“लाज कशाची वाटली?” त्यांनी विचारलं. रागाने नाही. शिवण कुठे उसवली आहे हे गिऱ्हाइकाला विचारावं तसं. “चित्राची, की वाजवण्याची?”

“चित्राची,” मी म्हणाले. “वाजवणं मी ऐकलंच नाही.”

“अजून नाही?”

“नाही.”

इतका वेळ कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. आता ब्रेकनी बघितलं, कपाळाच्या वर नाही, सरळ तोंडाकडे. खोटं बोलले याचं त्यांना फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. पण आठवडाभर एक रेकॉर्ड घरात ठेवून, तिच्याबद्दल एवढं सगळं करून, ती ऐकायचीच राहिली, हे त्या खोलीत कोणाच्या डोक्यात शिरेना. मलाही तोवर ते जाणवलं नव्हतं. मी खण उघडला होता, डाग पाहिला होता, मागची बारीक अक्षरं वाचली होती. सुई टेकवली नव्हती.

दंतवैद्य म्हणाले, मग आता लावू या की. ब्रेकची पाळी पुढे ढकलता येईल. ब्रेक लगेच हो म्हणाले.

बटणबाईंनी मान हलवली. “नको,” त्या म्हणाल्या. “लाजेपोटी कोणी ऐकायला नको त्यांना. हॉटेलात आयुष्यभर दुसरं काहीतरी करत असलेल्या लोकांसमोर वाजवलं त्यांनी.” त्यांनी रेकॉर्ड आपल्या पिशवीत घातली, खुर्चीत बसून ती मांडीवर घेतली आणि ब्रेकना म्हणाल्या, लावा तुमची.

ब्रेकनी काय लावलं होतं ते मला आज सांगता येणार नाही. मी बाबांच्या खुर्चीत बसून होते आणि माझ्या बुटांच्या टोकांखेरीज कुठे बघावं हे मला समजत नव्हतं. बाजू संपल्यावर पुढे कोणाकडे उसनी द्यायची हे ठरलं. मला कोणी विचारलं नाही. विचारू नये हेच बरोबर होतं.

निघताना जिन्यात बटणबाई माझ्यापुढे होत्या. मधल्या वळणावर त्या थांबल्या. मला वाटलं, दम लागला.

“म्हणजे ऐकली त्यांनी,” त्या म्हणाल्या.

“रोज.”

“पाय आपटत होते?”

“आत्याच्या डोक्यावर.”

त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. मग विचारलं, “काही बोलले होते का? तुला, आत्याला? म्हणजे, काय म्हणणार होते?”

मला ते तयार वाक्य आठवलं. ते अगदी जिभेवर होतं, आणि जिन्यात आम्ही दोघीच होतो.

“माहीत नाही काकू,” मी म्हणाले. “आत्यालाही माहीत नाही. मी विचारलं.”

त्यांनी मान हलवली. एवढंच तर त्यांना हवं होतं, आणि ते आता कुठेच नव्हतं.

“गुरुवारी माझं दुकान अर्धा दिवस असतं,” त्या म्हणाल्या. “मागे खोलीत प्लेअर आहे. यायचं असेल तर ये. आवडली नाही तर आवडली नाही म्हण.”

मी हो म्हणाले. त्या पुढे उतरू लागल्या. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हाताने पिशवी छातीशी धरलेली, पायरीगणिक आधी एक पाऊल, मग दुसरं त्याच पायरीवर. पिशवी मी घेऊ का, असं अगदी तोंडावर आलं होतं. मी ते विचारलं नाही. एक पायरी मागे ठेवून उतरत राहिले.